टेक्स्टबॉक्सच्या बॉर्डरचा रंग आणि जाडी: आडतपट्टीच्या फॉर्मसाठी काय वापरावं?

केळीपट्टी (धागा काढणारा)

राम राम मंडळी.

रावेर-सावद्याकडच्या आडत दुकानांत चालणाऱ्या पट्टीच्या (शेतकऱ्याच्या मालाच्या हिशेबाच्या कागदाच्या) फॉर्मचा प्रश्न आहे. सी-शार्प, विनफॉर्म्स, डॉटनेट फ्रेमवर्क ४.८. एका फॉर्मवर २२ टेक्स्टबॉक्स: शेतकऱ्याचं नाव, गाव, घड, वजन, भाव, कपात, हमाली, तोलाई, आडत, गाडीभाडं वगैरे. पट्टी फाडणारा माणूस माऊसला हात लावत नाही, एंटर मारत पुढे जातो. नजर अर्धी काट्यावर, अर्धी स्क्रीनवर. म्हणून कर्सर कुठल्या खान्यात आहे ते एका झटक्यात दिसायला हवं.

साधी करडी बॉर्डर हवी, फोकस आला की निळी आणि जाड, आकडा चुकला की लाल. बॉर्डरस्टाईल ही प्रॉपर्टी दिसते, पण बॉर्डरकलर कुठेच नाही. ऑनपेंट ओव्हरराइड केलं तर तिथे ब्रेकपॉइंटसुद्धा लागत नाही. कन्स्ट्रक्टरमध्ये सेटस्टाईलने युजरपेंट चालू केलं की ऑनपेंट चालतं, पण अक्षरं गायब होतात आणि टाईप करताना भलत्याच फॉन्टमध्ये उगवतात. काय करावं भो?

(नावं देवनागरीत लिहितोय, कोडात अर्थातच रोमन.)

पांझराकाठ

युजरपेंट आधी काढून टाका, तो रस्ता खड्ड्यात जातो. विनफॉर्म्सचा टेक्स्टबॉक्स म्हणजे विंडोजच्या जुन्या एडिट कंट्रोलवर चढवलेलं डॉटनेटचं आवरण. अक्षरं, निवडलेला मजकूर, कर्सर, सगळं तो एडिट स्वतः रंगवतो. डॉटनेटला विचारत नाही, म्हणून ऑनपेंट येत नाही. युजरपेंट चालू केलं की रंगवण्याचा निरोप एडिटपर्यंत पोचत नाही. पण कळ दाबल्यावर तो निरोपाची वाट न बघता थेट स्क्रीनवर अक्षर उमटवतो. म्हणून अर्धं तुमचं, अर्धं त्याचं.

बॉर्डर नक्की कुठे असते ते समजलं की बाकीचं सोपं आहे. प्रत्येक विंडोचे दोन भाग: आतला क्लायंट आणि त्याभोवतीचा नॉन-क्लायंट.

फिक्स्ड-थ्रीडी (टेक्स्टबॉक्सचा डिफॉल्ट हाच) असेल तर चारही बाजूंना २ पिक्सेलची पट्टी नॉन-क्लायंटमध्ये असते. फिक्स्ड-सिंगल असेल तर १ पिक्सेलची रेघ एडिट स्वतःच्या क्लायंट भागात आखतो, बाहेर काही नसतं. नन असेल तर काहीच नाही.

नेटवर मिळणारा बॉर्डर रंगवायचा कोड फिक्स्ड-सिंगलवर लावला की रंग दिसतो आणि टाईप करताच उडतो, त्याचं कारण हेच. तुम्ही रेघ ओढली त्याच जागी एडिट पुन्हा आपली रेघ ओढतो.

मग रस्ते तीन. बॉर्डर बाहेरच्या पॅनेलची, टेक्स्टबॉक्स आत बिनबॉर्डरचा. किंवा फिक्स्ड-थ्रीडीची २ पिक्सेलची पट्टी आपण रंगवायची. किंवा नॉन-क्लायंटची रुंदीच बदलून घ्यायची. तुमच्या कामाला दुसरा पुरेल.

सातपुडा

पहिल्या रस्त्याबद्दल लिहितो, कारण सगळे तोच धरतात आणि मग अडकतात.

युजरकंट्रोल घ्या. बॅककलर पांढरा, पॅडिंग ६, ५, ६, ५. आत टेक्स्टबॉक्स, बॉर्डरस्टाईल नन, डॉक टॉप. डॉक फिल देऊन उपयोग नाही: एका ओळीचा टेक्स्टबॉक्स स्वतःची उंची फॉन्टवरून ठरवतो, ताणला जात नाही. युजरकंट्रोलच्या ऑनपेंटमध्ये कंट्रोलपेंट-डॉट-ड्रॉबॉर्डर बोलवा. त्यात चारही बाजूंना वेगळा रंग आणि वेगळी जाडी देता येते, म्हणजे फक्त खालची रेघ हवी असेल तर बाकी तिघांची जाडी शून्य. आतल्या टेक्स्टबॉक्सच्या एंटर (कळ नव्हे, फोकस आत येणं) आणि लीव्ह इव्हेंटला इनव्हॅलिडेट.

आता कुठे कुठे फसतं.

फॉर्म मोठा केला की जुन्या बॉर्डरची रेघ मध्येच राहते. रिसाइझरीड्रॉ ही स्टाईल चालू नसते म्हणून. सोबत ऑप्टिमाइझ्ड-डबल-बफरही चालू करा, लुकलुक थांबते.

ड्रॉरेक्टँगल वापरत असाल तर रुंदी आणि उंचीतून १ वजा करा, नाहीतर उजवी आणि खालची रेघ कंट्रोलच्या बाहेर पडते. पेन २ पिक्सेलचा असेल तर त्याची अलाइनमेंट इनसेट ठेवा.

पॅडिंगवर क्लिक केलं तर फोकस आत जात नाही. माऊसडाऊनमध्ये आतल्या बॉक्सला फोकस द्या, आणि युजरकंट्रोलचा कर्सर आयबीम करा.

युजरकंट्रोलची टेक्स्ट प्रॉपर्टी डिझायनरपासून लपवलेली असते आणि साठवलीही जात नाही. ओव्हरराइड करून ब्राउझेबल ट्रू आणि डिझायनर-सीरियलायझेशन-व्हिजिबिलिटी व्हिजिबल द्या. आतल्या बॉक्सचा टेक्स्टचेंज्ड बाहेर पाठवला नाही तर डेटाबाइंडिंगला बदल कळत नाही: स्क्रीनवर नवा भाव, डेटाबेसात जुना.

आणि केळीपट्टी भाऊंच्या फॉर्मला थेट लागणारी गोष्ट: एंटरने पुढे जायचा कोड बहुतेक वेळा "अॅक्टिव्हकंट्रोल टेक्स्टबॉक्स आहे का" असं तपासतो. आता फॉर्मचा अॅक्टिव्हकंट्रोल म्हणजे युजरकंट्रोल, आतला बॉक्स नाही. एंटर मारला की काहीच होत नाही आणि बॉर्डर बदलल्याने एंटर कसा बंद पडला हे कळायला दिवस जातो. तपासणी युजरकंट्रोलच्या प्रकारावर करा.

जिनप्रेस

दुसरा रस्ता, पूर्ण क्रमाने.

१. टेक्स्टबॉक्सवरून नवा क्लास घ्या. बॉर्डरस्टाईल फिक्स्ड-थ्रीडीच ठेवा. हे महत्त्वाचं, वर पांझराकाठ यांनी कारण दिलंच आहे.

२. यूझर३२ या विंडोजच्या लायब्ररीतून तीन फंक्शनं आणा: गेटविंडोडीसी, रिलीजडीसी, रीड्रॉविंडो.

३. विंडप्रॉक (विंडोजचे निरोप जिथे येतात ते फंक्शन) ओव्हरराइड करा. आधी बेसचं विंडप्रॉक चालू द्या, मग मेसेज ०एक्स८५ आहे का बघा. तो नॉन-क्लायंट रंगवायचा निरोप. क्रम उलटा केला तर तुमच्या रंगावर विंडोज आपला रंग मारतो.

४. गेटविंडोडीसीने डीसी (विंडोवर रंगवायचा जणू परवाना) घ्या, त्यावरून ग्राफिक्स. दोन चौकोन ओढा: बाहेरचा ०, ०, रुंदी वजा १, उंची वजा १, आतला १, १, रुंदी वजा ३, उंची वजा ३. फोकस नसेल तेव्हा बाहेरचा करडा आणि आतला बॅककलरचा. फोकस असेल तेव्हा दोन्ही निळे. म्हणजे १ ची बॉर्डर २ ची झाली, पण क्लायंटचा आकार तोच राहिल्याने आतला मजकूर तसूभरही हलत नाही.

५. रिलीजडीसी फायनलीमध्ये. विसरायचं नाही.

६. ऑनगॉटफोकस आणि ऑनलॉस्टफोकसमध्ये रीड्रॉविंडो, झेंडे ०एक्स१, ०एक्स१०० आणि ०एक्स४०० मिळून ०एक्स५०१. नुसतं इनव्हॅलिडेट केलं तर फक्त क्लायंट भाग पुन्हा रंगतो, बॉर्डर जुनीच राहते. "फोकस बदलला तरी रंग बदलत नाही, खिडकी खालीवर केली की बदलतो" ही तक्रार असेल तर ०एक्स४०० राहिलाय असं समजा.

बहुओळी बॉक्सची स्क्रोलबारही नॉन-क्लायंटमध्येच असते, पण ती बॉर्डरच्या आत. या दोन चौकोनांचा तिला धक्का लागत नाही.

केळीपट्टी

जिनप्रेस भाऊ, झकास. आपल्या क्रमाने केलं, बठ्ठं बरोबर दिसतंय. दोन अडचणी.

एक, दुपारनंतर फॉर्म अर्धवट रंगतो, एखाद्या ग्रिडवर लाल फुली येते. प्रोग्राम बंद करून उघडला की ठीक.

दोन, अक्षरं डाव्या बॉर्डरला चिकटलेली दिसतात.

जिनप्रेस

पहिली म्हणजे पाचवी पायरी राहिली. टास्क मॅनेजर उघडा, डिटेल्स टॅब, वरच्या पट्टीवर राइट क्लिक, सिलेक्ट कॉलम्स, जीडीआय ऑब्जेक्ट्स (विंडोजच्या रंगकामाच्या वस्तू, डीसीही त्यातच). मग फॉर्ममध्ये एंटर मारत चला. आकडा चढतच गेला आणि खाली येत नसेल तर डीसी सुटत नाहीये.

हिशेब बघा. एका एंटरला दोन बॉक्स रंगतात, सोडलेला आणि धरलेला. २२ खान्यांची पट्टी म्हणजे ४४ डीसी अडकले. विंडोजची डिफॉल्ट मर्यादा एका प्रोसेसला १०,००० जीडीआय ऑब्जेक्ट्स. म्हणजे सव्वादोनशे पट्ट्यांच्या आसपास मर्यादा संपते. सीझनला ही दुपारचीच वेळ. लाल फुली ज्या ग्रिडवर दिसते त्या बिचाऱ्या ग्रिडचा काही दोष नसतो, त्याला रंगवायला डीसी मिळत नाही एवढंच.

कोडात बहुधा मध्येच रिटर्न असेल, चुकीचा आकडा असेल तर लाल रंगवून तिथूनच बाहेर. रिलीजडीसी त्या रिटर्नच्या खाली राहतं.

पांझराकाठ

दुसरीसाठी एडिटला मार्जिन सांगा. सेंडमेसेज, निरोप ०एक्सडी३, पहिला आकडा ३ (डावी १ आणि उजवी २ मिळून), दुसऱ्या आकड्याच्या खालच्या १६ बिटांत डावं अंतर, वरच्या १६ बिटांत उजवं. ४-४ पिक्सेल पुरे. हे ऑनहँडलक्रिएटेडमध्ये करा, कन्स्ट्रक्टरमध्ये हँडल तयार नसतं. फॉन्ट चालू प्रोग्राममध्ये बदलत असाल तर बदलल्यावर पुन्हा द्या.

वरखाली अंतर याने मिळत नाही. बहुओळी बॉक्सला ०एक्सबी३ ने आतला चौकोन ठरवता येतो, एका ओळीच्या बॉक्सला नाही. तिथे तिसरा रस्ता.

तो थोडक्यात: बॉर्डरस्टाईल नन. विंडप्रॉकमध्ये ०एक्स८३ आला की एलपॅरामवरून (निरोपासोबतचा दुसरा आकडा) रेक्ट म्हणजे चौकोन वाचा, डाव्या-वरच्या बाजूला जाडी मिळवा, उजव्या-खालच्यातून वजा करा, परत लिहा. डब्ल्यूपॅराम (पहिला आकडा) खरा असो की खोटा, त्या पत्त्यावर पहिला रेक्टच असतो, म्हणून दोन्हींना एकच कोड चालतो. मग सेटविंडोपॉस ०एक्स३७ झेंड्यांनी, म्हणजे जागा, आकार, क्रम, फोकस न बदलता फक्त "चौकट बदलली" असं सांगायचं. हे नाही केलं तर नवी जाडी लागूच होत नाही.

दोन खड्डे. नन असल्यावर टेक्स्टबॉक्स उंची मोजताना तुमची बॉर्डर धरत नाही, त्यामुळे अक्षरं खालून कापली जातात. ऑटोसाइझ फॉल्स करा (प्रॉपर्टी विंडोत दिसत नाही, पण कोडातून चालते) आणि उंची द्या: फॉन्टची उंची अधिक दुप्पट (बॉर्डर अधिक अंतर). दुसरा खड्डा, हा सगळा पट्टा आता तुमचा. फक्त रेघ ओढून सोडलीत तर रेघ आणि क्लायंटच्या मधल्या जागेत मागच्या खिडकीचा कचरा राहतो. आधी बॅककलरने भरा, मग रेघ.

वांगंभरीत

उंचीचा विषय निघालाच आहे तर मराठी मजकुराचं बघा. "१२३४" टाकून बॉर्डर छान बसली म्हणणारे फॉर्म गावाच्या खान्यात उघडे पडतात. सेगो यूआयमध्ये देवनागरी नाही. विंडोज ८ पासून त्या जागी निर्मला यूआयची अक्षरं येतात, जुन्या मशिनवर मंगलची. मंगलची ओळ चांगलीच उंच. बॉक्सची उंची एका फॉन्टने मोजली, अक्षरं दुसऱ्याची, मग रफार वर कापला जातो नाहीतर उकार खाली. म्हणून फॉन्ट नशिबावर सोडू नका, गाव आणि नाव या खान्यांना निर्मला यूआय स्पष्ट द्या.

तपासायला ही गावं टाका: वर्डी, अट्रावल, मुक्ताईनगर, दोंडाईचा, कुऱ्हे. वर्डीचा रफार आणि वेलांटी वरच्या बॉर्डरला शिवतात का, अट्रावलच्या ट्रचं खालचं टोक पूर्ण दिसतं का, मुक्ताईनगरचा उकार रेघेत मिसळतो का. १००, १२५ आणि १५० टक्के स्केलिंगला तिन्ही वेळा बघा. १०० ला पास झालेला बॉक्स १२५ ला नापास होतो.

रंगाचं: करडा म्हणून लाल-हिरवा-निळा तिन्ही २०४ घेतात सगळे. पांढऱ्यावर त्याचा कॉन्ट्रास्ट जेमतेम १.६ भरतो. २०१८ च्या डब्ल्यूसीएजी २.१ (वेब सगळ्यांना वापरता यावं यासाठीचे निकष) मध्ये कंट्रोलच्या कडेसाठी किमान ३ ला १ मागितलाय. तिन्ही १४८ घेतले तर काठावर पास, ११८ घेतले तर साडेचारच्या वर. जिनिंगच्या (कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या) काट्यावर उघड्या दाराकडे तोंड करून ठेवलेला मॉनिटर, त्यावर बसलेली सरकीची धूळ आणि मे महिन्यातलं जळगावचं ऊन डोळ्यासमोर आणा. तिथे ११८ च घ्या.

आणि सिस्टिमइन्फर्मेशनमधलं हायकॉन्ट्रास्ट तपासा. ते चालू असेल तर आपले रंग बाजूला ठेवून सिस्टिमकलर्समधले वापरा. काळ्या थीमवर तुमची गडद निळी बॉर्डर दिसणारच नाही.

तापीमाई

धागा वर आहे तोवर डब्ल्यूपीएफवाल्यांसाठी (डॉटनेटमधलं फॉर्म बनवायचं दुसरं तंत्र). तिथे बॉर्डरब्रश आणि बॉर्डरथिकनेस आयते मिळतात, म्हणून लोक खूश होतात आणि फोकस आला की रंग परत विंडोजचा फिकट निळा होतो. स्टाईलमध्ये ट्रिगर लावला तरी तेच. कारण विंडोज ८ आणि पुढच्या थीमचा डिफॉल्ट टेम्प्लेट स्वतःच्या आतल्या बॉर्डरवर ट्रिगरने रंग मारतो. तुम्ही टेक्स्टबॉक्सचा बॉर्डरब्रश बदलता, तो आतल्या बॉर्डरचा. आतला जिंकतो.

उपाय एकच, कंट्रोलटेम्प्लेट स्वतःचा लिहा. फार नाही: एक बॉर्डर, आत एक स्क्रोलव्ह्यूअर. त्या स्क्रोलव्ह्यूअरचं नाव पार्ट-अंडरस्कोर-कंटेंटहोस्टच पाहिजे. नाव चुकलं तर एरर येत नाही, बॉक्स दिसतो, फक्त मजकूर दिसत नाही. बॉर्डरचे बॅकग्राउंड, ब्रश, थिकनेस टेम्प्लेटबाइंडिंगने जोडा आणि गोल कोपऱ्यांसाठी कॉर्नररेडियस त्याच बॉर्डरला.

फोकसला थिकनेस १ ची २ केली की मजकूर १ ने सरकतो. त्याच ट्रिगरमध्ये पॅडिंग १ ने कमी करा: ६ चं ५.  १२५ टक्क्यांना १ युनिट म्हणजे सव्वा पिक्सेल, रेघ पुसट येते. विंडोवर यूजलेआउटराउंडिंग ट्रू.

चुकीची लाल चौकट ही वेगळी गोष्ट, ती अॅडॉर्नर थरावर (कंट्रोलांच्या वर अंथरलेला वेगळा थर) येते. टॅबकंट्रोल असेल तर टॅब बदलून परत आल्यावर ती नाहीशी होते. टॅबच्या आतला मजकूर अॅडॉर्नरडेकोरेटरमध्ये ठेवा.

सातपुडा

बाकीच्या भाषा आणि लायब्रऱ्यांचं झटपट.

जावा स्विंग: सेटबॉर्डरला नुसती लाइनबॉर्डर दिली की आतलं अंतर जातं, आणि नंतर सेटमार्जिन दिलं तरी काही होत नाही, कारण ते डिफॉल्ट बॉर्डरच वाचते. बॉर्डरफॅक्टरीची कंपाउंड घ्या, बाहेर लाइन, आत एम्प्टी ४, ६, ४, ६. फोकसला लाइन २ केली तर एम्प्टी ३, ५, ३, ५. जेटेक्स्टएरिया असेल तर बॉर्डर जेस्क्रोलपेनला द्या, एरियाला दिली तर मजकुराबरोबर सरकते. फ्लॅटलॅफ वापरत असाल तर जेकंपोनंट-डॉट-आउटलाइन या क्लायंट प्रॉपर्टीत एरर लिहिलं की काम झालं.

क्यूटी: स्टाईलशीटमध्ये क्यूलाइनएडिटला बॉर्डर, बॉर्डर-रेडियस, पॅडिंग, आणि फोकसचं वेगळं. सिलेक्टर न लिहिता नुसती बॉर्डर पालक विजेटवर टाकली तर आतल्या प्रत्येक लेबलाला चौकट येते. प्रॉपर्टीवर अवलंबून रंग बदलत असाल तर प्रॉपर्टी बदलल्यावर अनपॉलिश आणि पॉलिश करावं लागतं, आपोआप होत नाही.

टीकेइंटर: साध्या एंट्रीला हायलाइटथिकनेस, हायलाइटबॅकग्राउंड (फोकस नसताना), हायलाइटकलर (असताना), रिलीफ फ्लॅट. टीटीके एंट्रीला हे नाही. विंडोजच्या नेटिव्ह थीमवर तिचा बॉर्डरकलर बदलत नाही, क्लॅम थीम घ्या.

दोनताल

आमच्याकडे व्हीबी ६ चा जिनिंगचा प्रोग्राम अजून चालतो. त्याला काही?

पांझराकाठ

आहे की. टेक्स्टबॉक्सचा बॉर्डरस्टाईल ०. मागे शेप कंट्रोल, चौकोनी किंवा गोल कोपऱ्याचा, टेक्स्टबॉक्सपेक्षा चारही बाजूंना ६० ट्विप्स मोठा. ९६ डीपीआयला १५ ट्विप्सचा १ पिक्सेल, म्हणजे ४ पिक्सेलची जागा. शेपला स्वतःची विंडो नसते, तो फॉर्मवरच रंगतो, म्हणून कधीच टेक्स्टबॉक्सच्या वर येत नाही. गॉटफोकसमध्ये शेपचा बॉर्डरकलर बदला. टेक्स्टबॉक्स फ्रेममध्ये असेल तर शेपही त्याच फ्रेममध्ये टाका, फॉर्मवर टाकला तर फ्रेमच्या मागे लपतो. व्हीबी ६ मध्ये हे काम डॉटनेटपेक्षा सोपं होतं, खरं बोलायचं तर.

केळीपट्टी

मधला रिटर्नच होता, जिनप्रेस भाऊ. फायनलीत घातल्यावर जीडीआयचा आकडा जागचा हलत नाही. मार्जिन ४-४ दिलं, निर्मला यूआय दिला, वर्डी आणि अट्रावल पास.

शेवटचं एक. कपातीच्या खान्यात चुकीचा आकडा आहे आणि फोकसही तिथेच आहे. लाल दाखवू की निळा?

वांगंभरीत

दोन्ही. रंग चुकीवरून, जाडी फोकसवरून. चूक नाही, फोकस नाही: करडी १. फोकस आहे: निळी २. चूक आहे, फोकस नाही: लाल १. चूक आहे आणि फोकसही: लाल २. जिनप्रेस यांच्या दोन चौकोनांत हे आपोआप बसतं, बाहेरच्याचा रंग चुकीवरून (चूक नसेल तर फोकसवरून), आतला भरायचा की नाही ते फोकसवरून.

पण लाल-निळ्यावर एकट्यावर विसंबू नका, सगळ्यांना लाल सारखा दिसत नाही. शेजारी एररप्रोव्हायडरचं चिन्ह ठेवा, ब्लिंकस्टाईल नेव्हरब्लिंक, नाहीतर २५० मिलिसेकंदांनी डोळे मिचकावत बसतं. ते चिन्ह बॉक्सच्या बाहेर उजवीकडे येतं, म्हणून दोन खान्यांमध्ये किमान २० पिक्सेल मोकळे सोडा.

आणि व्हॅलिडेटिंगमध्ये कॅन्सल ट्रू करू नका. कपात चुकली म्हणून माणूस त्या खान्यात अडकून पडतो, समोर शेतकरी उभा. लाल दाखवा, पुढे जाऊ द्या, पट्टी सेव्ह करताना अडवा आणि पहिल्या लाल खान्यावर फोकस न्या.